बाहेरगावी गेलेल्याचं ताट

कुमुदताईंनी पातेल्यातला भात चिमटीत धरून वर ओढला. तो तुटेना. नुसता ताणत वर आला, तशी त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"गिचका झालाय गं. पाण्याचा अंदाज चुकला वाटतं हिचा."

"तो तसाच लागतो, आई. तांदूळच चिकट असतो त्यांचा."

"मुद्दाम चिकट तांदूळ आणायचा आणि वर तो कुटायचा?"

प्रणिताने याचं इंग्रजी केलंच नाही. सायोकोला न सांगताही कळलं असावं. ती हसली, लाकडी दांडका पाण्यात बुडवला आणि पुन्हा भात कुटायला लागली. अगदी लगदा करायचा नाही, अर्धे दाणे दिसले पाहिजेत, एवढं तिने हातवारे करून कुमुदताईंना सांगितलं. कुमुदताईंनी मान डोलावली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला कुणी काही नीट समजावून सांगितलं की बरं वाटतं.

शनिवारचे तीन वाजत आले होते. सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या त्या कॉन्डोत प्रणिता चौदाव्या मजल्यावर राहायची आणि जपानहून आलेली सायोको विसाव्या. दोघींच्या मुली एका वर्गात. चार वर्षांपूर्वी खाली स्विमिंग पूलच्या काठावर मुलींच्या टॉवेलांची अदलाबदल झाली, ती निस्तरता निस्तरता आयांची मैत्री झाली, आणि तेव्हापासून दर शनिवारी दुपारी एकीच्या स्वयंपाकघरात दुसरीने काहीतरी करून खायला घालायचं असं ठरूनच गेलं. सायोकोने भाताच्या त्रिकोणी ओनिगिरी केल्या, तांदळाच्या पिठाचे डांगो केले, रताळ्याचे तुकडे तळून पाकात घोळवले. प्रणिताने थालीपीठ, साबुदाणा वडे, तिखटमिठाच्या पुऱ्या. सायोकोच्या घरी आता पोळपाट होता आणि तिच्या पुऱ्या कुमुदताईंच्या धाकट्या जावेच्यापेक्षा गोल व्हायच्या. कुणाच्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय, कुणाच्या सासूने व्हिडिओ कॉलवर काय ऐकवलं, कुणाची मुलगी डब्यातली भाजी बसमध्ये शेजारणीला देऊन टाकते, एकीचं दुसरीपासून काही लपलेलं नव्हतं.

एक गोष्ट सोडून.

प्रणिताचा धाकटा भाऊ अमेय मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. नऊ वर्षांपूर्वी भर समुद्रात एका सकाळी तो ड्यूटीवर आलाच नाही. जहाज मागे फिरवलं, तीन दिवस शोधलं, काही हाती लागलं नाही. कंपनीच्या पत्रात 'बेपत्ता' असं लिहिलेलं होतं, आणि कुमुदताईंनी ते घट्ट धरून ठेवलं. घरात रडायचं नाही, फोटोला हार घालायचा नाही, कुणी विचारलं तर सांगायचं, जहाजावर आहे. तीन वर्षांपूर्वी प्रणिताचे बाबा गेले, ते हॉस्पिटलातल्या नर्सलासुद्धा हेच सांगत गेले. सायोकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, भावंडं किती? प्रणिता सवयीने बोलून गेली होती, एक भाऊ, अमेय, जहाजावर आहे. मग ते दुरुस्त करायची वेळ कधी आलीच नाही. खरं म्हणजे आली होती पुष्कळदा, तिनेच टाळली.

अमेयची बायको मैत्रेयी अजून चिंचवडच्या त्याच घरात कुमुदताईंबरोबर राहत होती. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हा. आता ती सदतीस वर्षांची होती, आणि तिच्या ऑफिसातला एक भला माणूस तिच्यासाठी थांबला होता. "आईंनी एकदा तोंडाने म्हटलं ना, की तो गेला, तर मी पुढे जाईन," तिने प्रणिताला फोनवर सांगितलं होतं. "त्यांना अशा वाट बघत बसलेल्या सोडून मी नाही जाणार."

म्हणूनच प्रणिताने आईला ऐन पितृपक्षात सिंगापूरला बोलावून घेतलं होतं. उद्या सर्वपित्री अमावस्या. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचं पान उद्या वाढतात. बाबांच्या पानाशेजारी अमेयचं एक पान, आईने आपणहून वाढायला सांगितलेलं, एवढंच तिला हवं होतं. आठ दिवसांत तिने विषय एकदाच काढला. आई म्हणाली, "जिवंत माणसाचं पान वाढतात का कुठे?" आणि वरणाला फोडणी द्यायला उठली. पुन्हा विचारायची प्रणिताची छाती झाली नाही.

"ते काय, बघू," म्हणत कुमुदताईंनी दुसरं भांडं पुढे ओढलं. चवळीसारखे लाल दाणे शिजवून, साखर घालून आटवलेले होते. त्यांनी बोटाने चाखलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"पुरणच की गं हे. फक्त सालं काढलेली नाहीत, आणि जायफळ नाही." मग शंका येऊन, "मासळीबिसळी नाही ना यात?"

"नाही. तुला चालेल असंच करते आहे ती. भात, ते पुरण, सोयाबीन भाजून केलेलं पीठ आणि तीळ."

मुली टॉवेल न्यायला वर आल्या. प्रणिताच्या अनघाने आजीच्या हातातला गोळा पाहिला. आजी त्याला लाडवासारखा वळत होती.

"आजी, दॅट वन नॉट लाडू, लाह. दॅट वन ओहागी. मस्ट बी लिटल बिट लाँग."

"तू शिकव मला," असं म्हणून आजीने तिला पिटाळलं आणि गोल गोळेच वळत राहिली. हात ओला करायचा, भाताचा गोळा घ्यायचा, अंगठ्याने कड आत दाबत फिरवायचा. सायोकोने कुमुदताईंच्या हाताकडे पाहिलं आणि प्रणिताला म्हणाली, माझ्या आजीचे हात असेच चालायचे. अशा वेळी सायोको आणि कुमुदताई एकमेकींकडे बघून हसायच्या. भाषेवाचून त्यांचं बरं चाललं होतं.

पुरणाचे सहा झाले, पिठातले सहा झाले. मग सायोकोने काळ्या तिळांची ताटली पुढे ठेवली. कुमुदताईंनी एक गोळा त्यात घोळवला, तळहातावर घेतला आणि त्यांचा हात थांबला. भाताचा गोळा, वर काळे तीळ. त्यांनी तो सावकाश ताटलीत परत ठेवला.

"प्रणिता, आज का करते आहे ती हे? विचार तिला."

प्रणिताने विचारलं. सायोको इंग्रजी बेताबेताने, एकेक वाक्य जुळवून बोलायची. ती म्हणाली, या आठवड्यात दिवस आणि रात्र सारखे होतात. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. आमच्याकडे म्हणतात, गेलेली माणसं पलीकडच्या तीरावर असतात, आणि या सात दिवसांत तो तीर जवळ येतो. म्हणून हे करायचं, आधी त्यांच्यापुढे ठेवायचं, मग घरातल्यांनी खायचं. आजपासून सुरू झालं.

प्रणिताने सांगितलं तसं कुमुदताईंनी ऐकून घेतलं. मग त्या गोळ्याकडे पाहत राहिल्या.

"याच आठवड्यात?"

"हो."

"भातच ठेवतात? आणि तीळही काळेच?"

"हो, आई."

"दोन मुलांच्या पेपरात उत्तरं अशी सारखी आली तर मी दोघांनाही उभं करायचे," कुमुदताई हळू आवाजात म्हणाल्या. "इथे कुणाला विचारायचं, कुणी कुणाचं बघून लिहिलं?" त्यांच्या अंगावर काटा आला होता. त्यांनी तो लपवला नाही, हात पुढे करून सायोकोला दाखवला. सायोकोने त्यांच्या मनगटावर आपली ओली बोटं टेकवली.

"कोण कोण आहे तिचं तिकडे?"

"वडील. आणि आजी. सकाळी त्यांच्यापुढे ठेवून आली म्हणते."

"बरं केलं."

तेवढ्यात सायोको आणखी काही बोलली. घाईघाईने, जणू काही विसरलं होतं ते सांगायलाच हवं होतं. बोलण्यात नाव आलं. अमेय-सान. कुमुदताईंनी मान वर केली. प्रणिता ताटलीतले तीळ गोळा करत होती, ती तशीच राहिली.

"काय म्हणाली ती? अमेयचं काय?"

प्रणिताला क्षणभर वाटलं, काहीतरी भलतंच सांगून टाकावं. विचारतेय तो कसा आहे, वगैरे. तसं नऊ वर्षं चाललंच होतं. पण सायोको तिच्याकडे बघत होती, इतकी निर्धास्त, की तिला ते जमेना.

"ती म्हणते, सकाळी तिने अमेयसाठीही एक ठेवला. पण त्या दोघांबरोबर नाही, वेगळा. कारण तो तिकडचा नाही, तो फक्त बाहेरगावी आहे."

"वेगळा म्हणजे?"

मग सायोकोनेच सगळं सांगितलं, आणि प्रणिता मागोमाग मराठीत सांगत गेली. सायोकोचं गाव उत्तरेकडचं, मासेमारीचं बंदर. आजोबा ट्यूना पकडायला जायचे ते दहा दहा महिने यायचे नाहीत. आजी रोज त्यांच्या जागेवर ताट मांडायची. झाकणाच्या वाटीत गरम भात, सूप, लोणचं, त्यांच्या जेवायच्या काड्या. बाहेर गेलेला माणूस उपाशी राहू नये, वाट चुकू नये म्हणून. सायोको तिच्या नवऱ्यासाठी तसं करते, तो महिन्यातले आठ-दहा दिवस दौऱ्यावर असतो. चार वर्षांपूर्वी एकदा मांडता मांडता तिच्या मनात आलं, प्रणिताचा भाऊ तर वर्षभर समुद्रावर असतो, त्याचंही मांडू. तेव्हापासून दोन ताटं मांडते.

"तू कधी बोलली नाहीस," प्रणिता इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"बोलण्यासारखं काय आहे?" सायोको म्हणाली. "वाटीभर भात."

प्रणिताला भयंकर लाज वाटली. चार वर्षं हिच्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसलो, हिचं सगळं ऐकलं, आणि हिला साधं एक खरं सांगितलं नाही. आणि लाज वाटत असतानाच दुसरंही काही वाटत होतं, त्याला काय म्हणावं ते तिला कळत नव्हतं. सहा मजले वर, एका परक्या बाईच्या घरात, अमेयची जागा मांडलेली होती.

कुमुदताई स्टुलावर बसल्या.

"किती दिवस झाले म्हणाली?"

"चार वर्षं."

"काय काय वाढते? विचार."

हा प्रश्न प्रणिताला अपेक्षित नव्हता. पण सायोकोला तो अगदी साधा वाटला. तिने बोटांवर मोजत सांगितलं. भात तर असतोच. टोफूचं सूप, मुळ्याचं लोणचं, गुंडाळलेलं ऑम्लेट. तो तुमच्यासारखाच तिखट खाणारा असेल म्हणून कधी करी. आणि वांगं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण लावून भाजलेलं, ते पुष्कळदा.

"वांगं चालत नाही त्याला," कुमुदताई म्हणाल्या. "घसा खाजतो."

सायोकोला हे कळलं तशी तिने हात तोंडावर नेला. ती खरोखरच खजील झाली होती, वाकून माफी मागायला लागली.

कुमुदताई हसल्या. इथे आल्यापासून प्रणिताने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"असू दे म्हणावं. खाल्लं असेल मुकाट्याने. दुसऱ्याच्या घरी तो काही बोलणारा नव्हे."

सायोकोलाही हसू आलं. तिला हुरूप आला. ती म्हणाली, आणि आईसान, तुम्हाला एक सांगते. माझी आजी रोज जेवणानंतर आजोबांच्या वाटीचं झाकण उचलून बघायची. आतून पाण्याचे थेंब धरलेले असले, की म्हणायची, बरे आहेत. कोरडं असलं तर काळजी. मी अमेय-सानची वाटी दर वेळी बघते. चार वर्षांत एकदाही कोरडी नव्हती. एकदासुद्धा नाही. तुम्ही काळजी करू नका, तुमचा मुलगा अगदी छान आहे.

प्रणिताने हे सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. सांगताना ती आईकडे न बघता ओट्याकडे बघत होती.

मुलगा बरा आहे असं कुणीतरी आपल्याला सांगावं, यासाठी त्या नऊ वर्षं झुरल्या होत्या. ज्योतिष्याने सांगितलं ते दक्षिणा घेऊन. शेजारणींनी सांगितलं ते तोंडदेखलं, त्यांच्या डोळ्यांत वेगळंच दिसायचं. या बाईच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. ती अमेयला ओळखत नव्हती, तिला कुणी करायला सांगितलं नव्हतं, तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. वाटी मांडायची, नंतर झाकण उचलून बघायचं, आणि एका अनोळखी मुलाचं बरं चाललंय म्हणून निश्चिंत व्हायचं. कुमुदताईंनी जन्मभर देवाधर्माचं पुष्कळ पाहिलं होतं, पण असं काही पाहिलं नव्हतं. त्या सायोकोकडे डोळे भरून बघत होत्या.

आणि पन्नास वर्षं त्या रोज भात करत होत्या. गरम भातावर झाकण ठेवलं की काय होतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्या उठल्या. नळाखाली हात धुतले, बोटांत अडकलेली भाताची शितं एकेक काढली, नॅपकिनला हात पुसले.

"ही पुढेही मांडत राहील गं," त्या म्हणाल्या.

"हो."

"दर महिन्याला. गरम भात करून."

प्रणिता ओट्यावर सांडलेले तीळ पुसत राहिली.

"हे असं नाही चालू द्यायचं. इतक्या खऱ्या बाईला आपण... तू सांग तिला."

"काय सांगू?"

तिला कळत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षं आईने सांगितलं तेच ती सांगत आली होती, आणि आता हे एक तिच्याच्याने सांगवत नव्हतं. ते तिला आईच्या तोंडून ऐकायचं होतं. कुमुदताईंनी लेकीकडे पाहिलं, ते ओळखलं आणि सायोकोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत मोठ्या साहेबांसमोर बोलताना राहायच्या तशा, हात पुढे गुंफून.

"सायोको," त्या म्हणाल्या. "माय सन. अमेय." थांबून त्यांनी श्वास घेतला. "ही इज नो मोअर. नाइन इयर्स."

प्रणिताने ओट्याची कड धरली. तिला रडू फुटलं, आणि तिने ते फुटू दिलं.

सायोकोने हातातली ताटली खाली ठेवली. एकदा प्रणिताकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, पण 'मलासुद्धा नाही सांगितलंस?' एवढं प्रणिताला नीट पोचलं. मग ती कुमुदताईंपुढे कमरेतून वाकली आणि तशीच वाकलेली राहून बोलली.

"काय म्हणते?" कुमुदताईंनी विचारलं.

"ती माफी मागते आहे." प्रणिताने नाक पुसलं. "म्हणते, मला ठाऊक नव्हतं. ते ताट परत येणाऱ्या माणसाचं असतं. त्याला पलीकडे जायचं असेल, आणि मी त्याला सारखी मागे बोलावत राहिले. माझ्यामुळे तो अडकला असेल."

कुमुदताईंनी सायोकोचे खांदे धरून तिला सरळ केलं.

"तिला सांग, बोलावत होते ती मी," त्या म्हणाल्या. "ती नव्हे. तिने जेवू घातलं त्याला. मी नऊ वर्षं त्याच्या नावाने एक घास काढला नाही, ना जिवंत म्हणून, ना गेला म्हणून. सांग तिला नीट."

प्रणिताने सांगितलं. सायोको रडायला लागली. कुमुदताईंनी आपल्या पदराने तिचे डोळे पुसले आणि तिला स्टुलावर बसवलं.

"उद्या बाराच्या आत ये म्हणावं. यांचं पान मी वाढीन. अमेयचं तिने वाढायचं. त्याला किती लागतं ते आता तिलाच ठाऊक."

हे ऐकल्यावर सायोकोने तीनदा मान हलवून होकार दिला.

कुमुदताई बाहेरच्या खोलीत गेल्या. टेबलावरचा मोबाइल घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि स्वतःच नंबर लावला. प्रणिता दारापर्यंत आली. "मी बोलू का?" तिने विचारलं. कुमुदताईंनी हातानेच नको म्हटलं. चिंचवडला दीड वाजत आला असेल, शनिवार, मैत्रेयी घरीच असणार. तिकडून 'आई?' असा आवाज आला.

"मैत्रेयी, जेवलीस का?" कुमुदताई म्हणाल्या. "मग बस जरा, बाळा. एक सांगायचंय. ते मीच सांगायला हवं होतं, फार पूर्वी."